शिदोरी

प्रवासाला निघण्यापूर्वीं यादी करावी, ही माझी जुनी संवय आहे. पंढरपूर असो कीं काशी, कागदाचा एक कपटा घेऊन त्यावर टांचणीपासून टॉवेलापर्यंत सारें लिहून काढल्याखेरीज माझें मन स्थिर होत नाहीं. यंदा मुलीनें आम्हां उभयतांना तीन महिन्यांसाठीं नैरोबीला बोलावलें, तेव्हां वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं मी अशी यादी करावयास बसलों कीं ती एका कपट्यावर मावेना. उद्यां रात्रीं आमचें विमान आहे. आज ती यादी पुन्हां वाचतों आहे, आणि तिच्यांत लिहिलेल्यापेक्षां खोडलेलेंच अधिक आहे हें पाहून मला थोडी मौज आणि बरीचशी लाज वाटत आहे.

पहिल्या यादीचा बहुतेक भाग माझा नव्हताच. तो आप्तेष्टांच्या उपदेशाचा होता. "आफ्रिकेला जातां? मग अगदीं पातळ सुती कपडे घ्या." "आफ्रिकेला? पाणी गाळण्याचें यंत्र बरोबर असूं द्या." "सायंकाळनंतर उंबरठा ओलांडूं नका." उपदेश करणारांपैकीं एकानेंही तो खंड पाहिलेला नव्हता, आणि मीही तें सारें मुकाट्यानें लिहून घेत होतों. मग एके दिवशीं पुतण्याच्या मुलाचा शाळेंतला नकाशा हातीं आला. सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरांचा, आपल्या देशाच्या नऊपट विस्ताराचा, चौपन्न राष्ट्रांचा तो खंड! टोकियोला निघालेला माणूस ‘मी आशियाला चाललों’ असें कधीं म्हणत नाहीं. वास्तविक मुंबईहून टोकियोपेक्षां नैरोबी पुष्कळच जवळ आहे. परंतु आम्हांला टोकियो हें शहर वाटतें, आणि नैरोबी मात्र एका भल्यामोठ्या अंधाऱ्या नांवांत कोठेंतरी विरून जातें.

त्या दिवसापासून खोडाखोड सुरू झाली. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदीं जवळ आहे, म्हणून मीं ‘उन्हाळी कपडे’ या शब्दांखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. पण तें शहर समुद्रसपाटीपासून सोळाशें मीटरांहून अधिक उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याही वर वसलेलें आहे. आणि आम्ही जाणार ते जून ते ऑगस्ट हे तिकडील थंडीचे महिने. सुती सदरे निघाले, लोंकरी स्वेटर आंत गेले. पुढें पिशव्यांचें प्रकरण उद्भवलें. लोणचें, मेतकूट, चटण्या असा सारा ऐवज घरांतील मंडळींनीं प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बांधून ठेवला होता. मुलीनें कळविलें, कीं केनियानें २०१७ सालींच तसल्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती तेथें कडकपणें पाळली जाते. आपल्या महाराष्ट्रानेंही पुढल्याच वर्षीं बंदी केली होती. फक्त ती बातमी आमच्या घरांतील पिशव्यांना कोणी सांगितलेली नव्हती! ज्या हातांनीं आम्ही तिकडच्या अस्वच्छतेची धास्ती यादींत लिहिली, त्याच हातांनीं मग सारीं गांठोडीं सोडून कापडी पिशव्यांत भरलीं.

यादींतील सर्वांत भयप्रद ओळ होती ती पिवळ्या तापाच्या लशीची. ही लस जिवंत, पण निर्बळ केलेल्या विषाणूंची असते. साठी उलटलेल्या माणसाला तिचा गंभीर अपाय होण्याचा संभव विरळा असला, तरी तरुणांपेक्षां अधिक असतो, हें डॉक्टरांनीं मोकळेपणानें सांगितलें आणि विचार करून या म्हणाले. मी घरीं येऊन चार दिवस विचार केला. खरें सांगायचें तर चार दिवस भ्यालों. परक्या देशाच्या रोगापायीं हें संकट आपण कां ओढवून घ्यावें, असा मनांत राग आला.

पण चौकशी केली तेव्हां कळलें, कीं भारतांतून थेट येणाऱ्या माणसाकडे केनिया हा दाखला मागतच नाहीं. तो मागते आपलीच भूमि, आणि तोही परततांना. हा ताप पसरविणाऱ्या जातीचा डास आपल्या घराघरांत आहे. डेंग्यू तोच पसरवितो. पिवळा ताप मात्र अद्यापि येथें आलेला नाहीं. एखाद्या परतणाऱ्या प्रवाशाच्या रक्तांतून तो आला, तर येथील डासांना तो वाहून नेण्यास वेळ लागणार नाहीं. म्हणून दाखल्यावांचून आलेल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवितात. मीं इतके दिवस समजत होतों कीं ही तयारी माझ्या रक्षणाची आहे. ती जेवढी माझ्या, तेवढीच माझ्या गल्लीच्या, आणि आंतल्या खोलींत जपमाळ ओढीत बसलेल्या माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईच्याही रक्षणाची होती. दुसऱ्या दिवशीं जाऊन मीं लस घेतली. दाखला दहा दिवसांनीं लागू होतो. ते दहा दिवस मीं मोजून काढले. दोन दिवस अंग मोडून आलें, एवढेंच.

मोजण्यावरून आठवलें. मुलीनें स्वाहिली शब्दांची एक वही पाठविली आहे, आणि सध्यां माझा तोच पाठ चालतो. वही उघडतांना मी परीक्षेला बसल्यासारखा धास्तावलों होतों. पण पाहतों तों पहिल्याच पानावर ‘किताबू’, ‘कलामू’, ‘साबुनी’, ‘हेसाबू’, ‘दुनिया’! दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, ख्यालीखुशालीला ‘हबारी’. मोसमी वाऱ्यांवर शिडें सोडून गलबतें अरबी समुद्राच्या दोन्ही कांठांना शतकानुशतकें जात-येत होतीं. अरबस्तानांतून कांहीं शब्द त्या कांठाला गेले, कांहीं आपल्याकडे आले. आणि कांहीं आपल्याकडूनच तिकडे उतरले. त्यांची वेळ मोजण्याची रीतही मला फार आवडली. दिवसाचे तास तेथें सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आमचे आजोबा पंचांगांतील घटका सूर्योदयापासूनच मोजीत. घड्याळानें आम्हांला जें विसरावयास लावलें, तें त्या लोकांनीं घड्याळ वापरूनही संभाळलें आहे.

राहतां राहिलें पीठ. यादींत सर्वांत वर, आईच्या सांगण्यावरून, ‘जोंधळ्याचें पीठ, पांच किलो’ असें लिहिलेलें होतें. मी निघणार हें ठरल्यापासून तिनें मला एकच प्रश्न विचारला होता : "तिकडे भाकरी मिळेल का रे?" त्याचें उत्तर द्यावें म्हणून मीं पुस्तकें चाळलीं, आणि काल दुपारीं तिच्याजवळ जाऊन बसलों. म्हटलें, "आई, जोंधळा मूळचा तिकडचाच. सुदानच्या बाजूला तो प्रथम पिकला. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडची. हजारों वर्षांपूर्वीं हीं धान्यें समुद्र ओलांडून आपल्याकडे आलीं. अरबांनीं जिला हिंदी खजूर म्हटलें ती आपली चिंचसुद्धां तिकडचीच. नाचणीला ते ‘विंबी’ म्हणतात आणि तिची आपल्या आंबिलीसारखी ‘उजी’ करून पितात."

आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. जन्मभर तिनें भाकरी थापली. दुष्काळांत अर्धी स्वतः खाऊन अर्धी आम्हां भावंडांना वाटली. ती भाकरी परक्या मुलखांतली, हें ऐकून तिला वाईट तर वाटलें नाहीं ना, अशी मला शंका आली. मग ती हंसून म्हणाली, "म्हणजे भाकरीचं माहेर तिकडं! मग पीठ कशाला नेतोस? माहेरी जाताना शिदोरी नेत नाहीत. माहेराहून येताना आणतात. येताना थोडं तिकडचं पीठ आण. मी थापून बघते."

मीं पांच किलोंची पिशवी सामानांतून काढून ठेवली. तिच्या जागीं आतां लोंकरी शाल बसली आहे. यादींतील ती ओळ खोडतांना मात्र हात क्षणभर थांबला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला तीन महिन्यांनंतरचें काम सांगतां येत नाहीं. तें त्यानें आपण होऊन अंगावर घ्यावें लागतें, आणि तिनें तें घेतलें आहे. मीं कागद उलटा केला आणि परतीच्या यादींत पहिली ओळ लिहिली : ‘पीठ, आईसाठीं.’