पाऊण इंचाचीं माणसें

विरारच्या गाडीनें नित्य मुंबईस जाणाऱ्या मनुष्यानें सुटीच्या दिवशीं पुन्हां गाडीच पाहावयास जावें, ह्यांत कांहीं शहाणपण आहे असें आम्हांस मुळींच वाटत नव्हतें. परंतु नाताळांत पुण्यास गेलों तेव्हां आमच्या पांच वर्षांच्या मुलानें एकच धोशा लावला. ज्याला आपण आठवड्यांतून सहा दिवस निजलेलाच पाहतों, पहाटे निघतांना तो उठलेला नसतो आणि रात्रीं परततों तों पुन्हां निजलेला असतो, त्याच्या हट्टापुढें उभें राहण्याचा अधिकार बापाजवळ फारसा उरत नाहीं. मुकाट्यानें कोथरूडची वाट धरली.

तेथें जोशी ह्यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे. कै. भाऊ जोशी ह्यांच्या छंदांतून तें उभें राहिलें आणि १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. जगांत ह्याहून मोठ्या लघुनगऱ्या आहेत. हँबुर्ग शहरीं दोघां भावांनीं २००१ सालीं उघडलेल्या नगरींत तर माणसांच्या मूर्तीच दोन लाखांवर आहेत. पण पांच वर्षांच्या डोळ्यांना कोथरूड पुरेसें होतें. सिग्नल हिरवे झाले, गाड्या हलल्या, आणि घरीं क्षणभर स्वस्थ न बसणारा आमचा मुलगा कठड्याला हनुवटी टेकून निश्चल उभा राहिला.

अशा नगऱ्यांचें नेहमींचें माप म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. आम्हीं मनांत हिशेब केला. साडेपांच फुटी गृहस्थ पाऊण इंचाचा होतो, आणि विरार ते चर्चगेट हें साठ किलोमीटरांचें अंतर सातशें मीटरांच्या आंत येतें. जेवणानंतरची शतपावली जरा लांबविली कीं कचेरी आली! पण मग आम्हीही पाऊण इंचाचेच होणार हें ध्यानांत आलें आणि हिशेब निमूटपणें साठ किलोमीटरांवर परतला.

“बाबा, ह्यांत तुमची गाडी कुठली?”

आम्हीं सांगितलें कीं ती ह्यांत नाहीं. ह्या मापाचे खेळण्यांतले रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. ते युरोपांतल्या रुळांचें रूप होय. आमचे रूळ त्याहून रुंद, म्हणून आमची गाडी येथें मावावयाची नाहीं. हें उत्तर आम्हांस बरेंच विद्वत्तापूर्ण वाटलें.

“पण ह्या गाड्यांत माणसं कुठं आहेत?”

आम्ही वांकून पाहूं लागलों. फलाटावर माणसें होतीं खरीं, पण दूरदूर, जणूं एकमेकांशीं ओळख नसल्यासारखीं. डब्यांत मात्र आम्हांस कोणी दिसेना. १८६७ सालीं विरारहून मुंबईस पहिली लोकल गेली, तेव्हां रोज एक गाडी जाई आणि एक परत येई. त्या काळीं कदाचित् इतकें ऐसपैस असेल. आतां एका चौरस मीटरांत चौदा ते सोळा उभे उतारू, ह्या स्थितीला रेल्वेच्या दप्तरीं ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असें भारदस्त नांव आहे. येथील मापानें तो चौरस मीटर बोटाच्या नखाएवढा भरेल. नखावर पाऊण इंची सोळा माणसें उभीं करणारा कारागीर जर्मनींतही अजून जन्मावयाचा आहे.

“आणि दारांत कुणीच कसं लोंबकळत नाही?”

ह्या प्रश्नानें मात्र आम्ही दचकलों. आम्हांस रोज खिडकीशीं जागा मिळते, असें त्याला आम्हीं सांगून ठेविलें होतें. आईचा हात धरून स्टेशनच्या पुलावरून त्यानें संध्याकाळची गाडी येतांना पाहिली होती, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं आम्हीं त्याला सर्कशीचा तंबू दाखविला.

विरारला परतल्यावर दुसऱ्या रविवारीं ओटीवर काड्यापेट्यांची गाडी तयार झाली. डब्यांत उतारू म्हणून स्वयंपाकघरांतून आणलेले वाल. प्रत्येक डबा त्यानें अंगठ्यानें दाबदाबून भरला. शेवटचा एक वाल कांहीं केल्या आंत जाईना. तो त्यानें कडेला, अर्धा बाहेर, असा टेकवून ठेवला.

“हा कोण रे?”

“बाबा.”

“अरे, पण मी तर खिडकीशीं बसतों!”

त्यानें आमच्याकडे पाहिलें. पण कांहीं बोलला नाहीं. मग डब्यांतला एक वाल काढून खिशांत टाकला आणि त्या जागीं कडेचा वाल नीट बसविला.

खिशांतल्या उतारूचें काय, असें आम्हीं विचारलें.

“तो मागच्या गाडीनं येईल,” तो म्हणाला, आणि गाडी सोडली.