नादारीचा अर्ज आणि कंपनीचा बचाव

कंपनीविरुद्धच्या नादारीच्या अर्जाला विरोध कसा करायचा, हे अर्ज करणारा धनको कोण यावर ठरते. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ प्रमाणे बँकेसारखा वित्तीय धनको कलम ७ खाली अर्ज करतो, तर माल पुरवणारा किंवा काम करून देणारा कलम ९ खाली. तेलंगणातील कंपन्यांविरुद्धचे दोन्ही प्रकारचे अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या हैदराबाद खंडपीठापुढे चालतात. थकबाकी किमान एक कोटीची लागते. २४ मार्च २०२० पूर्वी एक लाखही पुरत असे.

कलम ९ च्या धनकोला आधी कलम ८ ची मागणी नोटीस द्यावी लागते. कंपनीने दहा दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर वाद असल्याचे कळवायचे. हा वाद नोटीस हाती पडण्यापूर्वीचा असावा लागतो. मालाच्या दर्जाबद्दलचा ईमेल, डेबिट नोट, परत पाठवलेल्या मालाचे चलन, मोजमाप वहीत हरकतीचा शेरा मारून केलेली सही, असा एखादा जुना कागद नोटिशीनंतर वकिलाने लिहून काढलेल्या वीस पानांना भारी पडतो. ‘नच बलिये’च्या प्रेक्षक-मतदानाच्या कामातून उभ्या राहिलेल्या मोबिलॉक्स वि. किरुसा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये कसोटी घालून दिली: बचाव शेवटी टिकेल की नाही हे न्यायाधिकरणाने पाहायचे नाही, वाद खरोखर आहे की नुसता रचलेला, एवढेच पाहायचे.

या कसोटीचा कस हैदराबादच्याच एका प्रकरणात लागला. राष्ट्रीय महामार्ग ६७ च्या चौपदरीकरणाच्या कामावरून विजय निर्माण कंपनीला क्षीराबाद कन्स्ट्रक्शन्सविरुद्ध २१ जानेवारी २०१७ रोजी लवादाचा निवाडा मिळाला. ६ फेब्रुवारीला सुमारे १ कोटी ७९ लाखांची नोटीस निघाली. १६ फेब्रुवारीला, म्हणजे मुदतीतच, रक्कम नाकारणारे उत्तर गेले. २० एप्रिलला निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिले गेले. तरीही खंडपीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये नादारीचा अर्ज दाखल करून घेतला: निवाड्याला स्थगिती नाही, मग देणे कबूलच, असा युक्तिवाद. १४ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आव्हान प्रलंबित असताना निवाड्याची रक्कम निर्विवाद मानता येत नाही आणि नादारीचा कायदा वसुलीचा सोपा मार्ग नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. आव्हानच उघडउघड मुदतबाह्य असेल, तर मात्र हे संरक्षण नाही.

बँकेपुढे यातले फारसे काही चालत नाही. कलम ७ खाली ‘वाद’ हा बचावच नाही. कर्ज आहे का आणि ते थकले आहे का, एवढेच प्रश्न. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या जुलै २०२२ च्या निकालाने मध्यंतरी आशा जागवली होती. कंपनीला स्वतःलाच मोठे येणे असेल, तर न्यायाधिकरण अर्ज थांबवू शकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. हैदराबादहून गेलेल्या एम. सुरेश कुमार रेड्डी वि. कॅनरा बँक या प्रकरणात मे २०२३ मध्ये ती वाट अरुंद झाली: विदर्भचा निकाल त्याच्या वस्तुस्थितीपुरता. कायदा सरळ वाचला तर हेच योग्य वाटते. मोठी येणी अडकलेल्या कंत्राटदारांवर मात्र तो कठोरच आहे.

दोन्ही कलमांना लागू पडणारे बचाव मोजके. थकबाकी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर अर्ज मुदतबाह्य ठरतो, पण कंपनीच्याच ताळेबंदात त्या कर्जाची नोंद असली की ती कबुली ठरू शकते आणि मुदत नव्याने मोजली जाते. तडजोडीच्या प्रस्तावाचे पत्रही याच कारणाने जपून लिहावे लागते. २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षात झालेल्या थकबाकीवर अर्जच करता येत नाही. कपटाने किंवा आकसाने अर्ज केल्याचे सिद्ध झाले तर कलम ६५ खाली एक लाख ते एक कोटी दंड आहे.

तडजोड करायची तर अर्ज दाखल करून घेण्यापूर्वीच केलेली बरी. धनकोंची समिती बसल्यावर अर्ज मागे घ्यायला तिची नव्वद टक्के मते लागतात. आदेश झाला की संचालक मंडळाचे अधिकार अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनलकडे जातात, त्यामुळे अपील संचालकाला स्वतःच्या नावाने करावे लागते. त्याला तीस दिवस मिळतात; पुरेसे कारण दिल्यास आणखी पंधरा, त्यापुढे नाही.