खु॥ आणि बु॥

वाशीची खाडी ओलांडून हार्बरची गाडी मुंबईत शिरते ती मानखुर्दला. दारातले लोक उतरायच्या घाईत असतात. त्या नावाच्या शेवटी एक फारसी विशेषण लोंबतंय, याच्याशी कुणाला काय देणंघेणं? खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाच्या दोन वस्त्या झाल्या की सुलतानी दप्तरातला कारकून थोरलीला बुद्रुक लिही, धाकटीला खुर्द. पुण्याकडे वडगाव, आंबेगाव, कोंढवा यांच्या जोड्या अजून नांदतायत. उत्तर हिंदुस्थानात खुर्दच्या जोडीला ‘कलां’ असतं.

मला यातलं बुद्रुक फार आवडतं. मूळ शब्द बुजुर्ग. गावकऱ्यांच्या तोंडी ‘ज’चा ‘द’ झाला, ‘ग’चा ‘क’, ‘र’ सरकून पुढे बसला, आणि फारसी पाहुणा चावडीवरचा होऊन गेला. तोच शब्द पुन्हा ‘बुजुर्ग’ म्हणूनही मराठीत आला. तो मात्र गाण्याच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसतो. खुर्दच्या नशिबी हा मान नाही. त्याच्या घराण्यातला खुर्दा म्हणजे चिल्लर. १७६१ साली पानिपताची बातमी सावकारी सांकेतिक भाषेत आली, तेव्हा विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे दोन मोती झाले, बडे सरदार मोहरा झाले, आणि मेलेले साधे शिपाई रुपये-खुर्द्यात गेले. त्यांची गणती कुणी केली नाही. (पारशांच्या नित्य प्रार्थनांचं पुस्तक खोर्देह अवेस्ता, म्हणजे धाकटा अवेस्ता. तिथे मात्र या शब्दाला सोवळं आहे.)

शिवकालात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. गावांची शेपटं मात्र तशीच राहिली. इंग्लंडातही तेच: लेस्टरशायरमध्ये विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा आहेत, थोरलं आणि धाकटं, दोन्ही लॅटिनमध्ये. राज्य जातं, कारकुनाची भाषा गावाला चिकटून राहते.

आता धाकटी गावं वाढून थोरल्यांच्या अंगाला भिडलीत, मधल्या शिवा इमारतींखाली गेल्यात. पण सातबाऱ्यावर ‘मौजे वडगाव’ एवढंच लिहून भागत नाही. पुढे बु॥ की खु॥ हे लागतंच. ते चुकलं तर तोच गट नंबर दुसऱ्याच गावात निघतो आणि जमीन भलत्याच्या नावावर दिसते. लहानमोठेपणाचा अर्थ कधीच गळून गेलाय, तरी तलाठी त्या एका अक्षरावाचून पुढे सरकत नाही.