आधी कर्ज विचारते

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना माझं एक ठाम मत होतं. पक्षकाराने थोडी का होईना, फी द्यावीच. खिशाला चाट बसली की माणूस तारखेला हजर राहतो, कागद वेळेवर आणतो. फुकट वकील मिळाला की केसकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे विधी सेवा समितीच्या मोफत वकिलांच्या पॅनलसाठी विचारणा झाली, तेव्हा मी हसून विषय टाळला होता.

हे मत बदललं ते तडजोडीच्या एका पुरसीसमुळे, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनामुळे. शिवणकाम करणारी माझी एक पक्षकार, पोटगीचा अर्ज चालू. नवऱ्याने तिच्या नावावर बचत गटातून उचललेल्या कर्जाचे हप्ते तीच फेडत होती. माझ्या फीसाठी तिने पतसंस्थेत दागिने तारण ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं. हप्ते थकले, लिलावाची नोटीस आली आणि पाठोपाठ सासरचा निरोप: एकरकमी घे आणि पुढच्या पोटगीवर पाणी सोड. देऊ केलेली रक्कम जवळपास तिच्या कर्जाएवढीच होती. पुरसीस टाईप होऊन टेबलावर आली. पेन हातात घेऊन ती म्हणाली, "मॅडम, अजून तारखा काढायच्या तर तुमची फी आणू कुठून?"

फीमुळे पक्षकार खटल्याला धरून राहतो, असं मी मानत आले होते. इथे तर फीच तिला खटल्यातून बाहेर काढत होती. नवऱ्याला काही सिद्ध करायची गरजच नव्हती. तिचे पैसे संपेपर्यंत थांबलं की झालं.

मी फी सोडते म्हटलं, तर ती अवघडली. उपकार तिला नको होते. मग १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तिला समजावून सांगितलं: बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो, कागदपत्रांचा खर्चही सरकारी. हक्काचं आहे म्हटल्यावर तिने कोर्टाच्या आवारातच समितीकडे अर्ज दिला. पुरसीस तशीच राहिली.

पॅनलवरच्या तरुण वकिलाने दोन्ही बाजूंच्या उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाच्या प्रतिज्ञापत्रांचा आग्रह धरला. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती सक्तीची केली आहेत. त्यामुळे बचत गटाचं कर्ज पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं. अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही अर्ज केल्याच्या तारखेपासून. दागिने मात्र गेले. मोफत वकिलाने कर्ज फिटत नाही. कर्जापायी हक्क सोडायची वेळ तेवढी टळते.

माझ्या सगळ्याच शंका फिटलेल्या नाहीत. पॅनलवर मन लावून काम करणारे आहेत, तसे तारीख घेऊन निघून जाणारेही आहेत. वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो, पण हे पक्षकाराला कुणी सांगत नाही. शिवाय महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा काही गटांना उत्पन्नाची अट नसली, तरी इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. ती मोजताना उत्पन्न बघतात, कर्ज नाही. साडेतीन लाख कमावून निम्मे हप्त्यांत घालवणारा भाऊ वाटणीच्या दाव्यात या मदतीबाहेरच राहतो. हे मला अजूनही पटत नाही.

आता नवीन पक्षकार समोर बसली की हकिकतीआधी विचारते, "कर्ज किती, आणि कुणाच्या नावावर?" ती किती तारखा टिकेल, हे त्या उत्तरावरून कळतं. टिकणार नसेल, तर वकीलपत्रावर सही घेण्याआधी समितीचा अर्ज तिच्यापुढे ठेवते. पॅनलच्या यादीत आता माझंही नाव आहे.