खोडलेलं वासरू

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. 'माझी आजी' या निबंधात सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'मी शाळेतून आले की आजी वासरू दिसलेल्या गाईसारखी होते.' ती ओळ मी लाल शाईनं खोडली आणि वर लिहिलं, 'आजीचे माझ्यावर वात्सल्य आहे.' माणसाच्या मायेला गोठ्यातली उपमा शोभत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटे. आज ते वाटत नाही. ती दुरुस्ती कठोर होतीच, पण भाषेच्या अंगानंही ती साफ चुकीची होती, आणि मी भाषेचाच शिक्षक होतो.

माझा समज असा, की 'वत्स' हा ऋषिमुनींच्या तोंडचा शब्द, अर्थ 'बाळा'. तो लाडानं गाईच्या पिलाला लागला आणि खेड्यापाड्यांत झिजून त्याचं वासरू झालं. निवृत्तीनंतर व्युत्पत्तीचे कोश घेऊन बसलो, तेव्हा क्रम नेमका उलटा निघाला. वत्स म्हणजे आधी वासरूच. माणसाचं मूल मागाहून. शब्दाचं मूळ वर्षाशी बांधलेलं आहे. वत्सर, संवत्सर ही त्याचीच भावंडं. वत्स म्हणजे वर्षाचं जनावर. लॅटिनमध्ये वासराला विटुलुस म्हणत, ग्रीकमध्ये वर्षाला एतोस, आणि दोन्ही याच मुळातून आलेले. गुरं राखणाऱ्या माणसांनी पिलाला त्याच्या वयावरून नाव दिलं, यात नवल नाही. आपल्या बैलबाजारात आजही दात बघून आदत, दुसा, चौसा म्हणतातच की.

वासरू हे वत्सचं झिजलेलं रूप आहे, हेही अर्धंच खरं. ते आलं 'वत्सरूप' या शब्दावरून, म्हणजे लहानसं वासरू. प्राकृतात त्याचं वच्छरूअ झालं. शेवटचा तो 'रू' लहानपण दाखवणारा आहे. कोकरू, पाखरू म्हणताना तोच ऐकू येतो, आणि लेकरू म्हणतानाही. आपण आपल्या मुलांना हाक मारतो ती शेपटीसुद्धा वासराचीच.

पण मला खरं हलवलं ते 'वत्सल' या शब्दानं. वत्स या शब्दाला आसक्तीच्या अर्थानं प्रत्यय लागून वत्सल होतो, असं पाणिनीनं नोंदवलंय. वासराची ओढ लागलेली ती वत्सला, आणि त्या ओढीचं नाव वात्सल्य. हे वाचलं आणि आमचा जुना गोठा डोळ्यांपुढे आला. धारेच्या वेळी आई आधी वासराचं दावं सोडायची. त्यानं दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडायची, त्याआधी कास कितीही चोळा, ती दूध चोरून धरायची. एका पावसाळ्यात वासरू दगावलं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं केलं. गाय ते चाटत राहिली, चाटता चाटता दूध देत राहिली. मी कंदील धरून उभा होतो, अकरा-बारा वर्षांचा. वात्सल्य म्हणजे काय, हे मी त्या रात्री पाहिलं होतं. पुढे शब्द शिकलो आणि पाहिलेलं विसरलो.

आईला पान्हा फुटला, असं आपण माणसाबद्दल बोलतो, लिहितो. ते मी कधी कुणाच्या वहीत खोडलं नाही.

त्या मुलीनं वात्सल्य या शब्दाचा मूळ अर्थ जसाच्या तसा लिहिला होता. तिच्या घरी गाय होती, आजी होती, तिला तो कोशातून काढावा लागला नव्हता. मी अर्थ खोडला आणि त्या जागी शब्द लिहिला. वर, दुरुस्त केलेलं वाक्य पाच वेळा लिहून आण, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. पाचही ओळी वळणदार अक्षरात होत्या, एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.