इंजिन, हलगी आणि एक वाक्य

आमच्या कॉलेजच्या फिल्मचा विषय होता गुऱ्हाळ. शूटिंग कोल्हापूरजवळच्या एका गावात झालं आणि दीड मिनिटाचा ट्रेलर कापायचं काम माझ्याकडे आलं. चित्रांची जुळवाजुळव लवकर उरकली. घाम फोडला तो आवाजाने.

चरकाचं डिझेल इंजिन सगळीकडे धडधडत होतं. ‘या धंद्यात आता पोरं यायची न्हाईत’ हे गुळव्याकाकांचं वाक्य म्हणजे ट्रेलरचा जीव, आणि नेमकं तेच त्यात बुडालेलं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलं, तरी घरघर थोडीशीच उतरली. नॉइज रिडक्शन वाढवलं, तर काका पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे वाटायला लागले. आमच्या साउंडवाल्या मित्राने मात्र इंजिन बंद झाल्यावर काकांकडून तेच वाक्य पुन्हा, नुसतं आवाजापुरतं, घेऊन ठेवलं होतं. ते ओठांशी जुळेना. मग ते चेहऱ्यावर न लावता काहिलीतली मळी काढणाऱ्या हातांवर लावलं आणि शॉटच्या दहाएक फ्रेम आधीच सुरू केलं. आता वाक्य आधी कानावर येतं, हात मागून दिसतात.

दिग्दर्शिका म्हणाली, ‘‘अगं, एखादं गाजलेलं गाणं टाकू की!’’ पण हक्क विकत घ्यायला पैसे कुठले? वर्गातल्याच एकाने हॉस्टेलच्या खोलीत गाद्या उभ्या करून हलगी वाजवली. ठेका झकास, पण हलगीची कडकड काकांच्या बोलण्यावर चढायची. काकांचा आवाज वाढवला की तो फाटायचा. तेव्हा हलगी सात-आठ डेसिबल खाली आणली आणि तिच्यातला दोन-तीन किलोहर्ट्‌झचा पट्टा थोडा दाबला. शब्दांतली व्यंजनं ओळखायला हा भाग फार उपयोगी पडतो. काकांच्या ट्रॅकला हातही न लावता वाक्य मोकळं झालं.

वाक्याच्या आधी अर्धा सेकंद, म्हणजे साधारण बारा फ्रेम, हलगी तोडली. तिथे कोरी शांतता ठेवली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटे. चुलवाणात चिपाडं जळतानाचा तडतडाट मित्राने वेगळा रेकॉर्ड केला होता. तो हळू आवाजात खाली पसरला आणि ती जागा जिवंत झाली.

हेडफोनवर सगळं छान होतं. मोबाइलवर लावलं, तर उकळत्या रसाची घुमघुम पार गायब, कारण एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. त्यावर बुडबुड्यांचा जरा वरच्या पट्टीतला आवाज जोडला आणि यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास ठेवली.

फिल्म करणाऱ्या मुलांना एवढंच सांगते: कॅमेरा आवरण्याआधी प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या आणि महत्त्वाचं वाक्य शांततेत एकदा पुन्हा म्हणवून घ्या. एडिटिंगला बसल्यावर ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.