ठमीच्या पिसवा

मुख्याध्यापिकाबाईंना या अंकासाठी पिसवांखेरीज दुसरा विषय मिळाला नाही का, असे काही पालक म्हणतील. विषय मी शोधायला गेले नव्हते. गेल्या महिन्यात सहावीतली एक मुलगी दोन दिवस डबा न उघडता बसून राहिली. विचारले तेव्हा कळले, की घरातल्या मांजरीला पिसवा झाल्या म्हणून तिला पोत्यात घालून शहराबाहेर सोडून आले. आई-वडील वाईट नाहीत. घरात रांगते बाळ आहे, त्याच्या पायांवर लाल पुळ्या उठल्या, ते घाबरले. मुलीचे रडे पाहून वडील नंतर शोधायलाही गेले, पण मांजरी सापडली नाही. आणि इतके करून पिसवा मात्र घरातच आहेत.

हेच संकट २०२३ च्या अखेरीस आमच्या घरी येऊन गेले, म्हणून चार गोष्टी लिहिते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होते. आमच्या पुस्तकात ‘पिस्सू’ असे आणि तो पुल्लिंगी होता. मराठीत आली की ती पिसू होते, आणि अनेक झाल्या की पिसवा. चावण्यात काही फरक नाही. आपल्याकडे मात्र गोचीड, ऊ, पिसू सगळ्यांना सरसकट ‘किडे’ म्हणतात आणि सगळ्यांवर एकच औषध मारतात, तिथून घोटाळ्याला सुरुवात होते.

आमचे घर इंदूरच्या जुन्या वस्तीतले. दगडी फरशी, तिच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या भेगा. ठमी ही आमची मांजरी घराबाहेर पाऊल टाकत नाही. मामंजी गेल्यापासून ती सासूबाईंच्या पांघरुणात झोपते. सासूबाईंचे वय तेव्हा ८४. रात्री जाग आली की त्या तिच्याशी बोलतात, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही.

त्या नोव्हेंबरात पुतणीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याला गेलो. ठमी नणंदेकडे होती, घर पंधरा दिवस बंद. परत येऊन कुलूप उघडले आणि अर्ध्या तासात सासूबाई घोटे खाजवू लागल्या. आमच्या ह्यांनी पांढरे मोजे घालून खोलीभर फेरी मारली, तर मोज्यांवर तिळासारखे सात-आठ ठिपके, आणि ते उड्या मारत होते. मांजर घरात नव्हते, मग पिसवा आल्या कुठून?

उत्तर मला वर्गात सापडायला हवे असे आहे, कारण आपण ते मुलांना शिकवतो: अंडे, अळी, कोष, प्रौढ कीटक. मांजराच्या अंगावरची मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती अंडी गुळगुळीत असतात, अंगावर टिकत नाहीत. मांजर जिथे झोपते, अंग झाडते, तिथे पडतात. अळी उजेडापासून पळते, फटींत आणि सतरंजीखाली शिरते आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाऊन वाढते. मग ती कोष करते. कोष चिकट असतो, त्याला धूळ चिकटते, डोळ्यांना दिसत नाही आणि औषधही आतपर्यंत सहज पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू महिनोन्‌महिने वाट पाहू शकते. पावलांचा दाब, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर. आम्ही दार उघडून सामान आपटले, तीच त्यांची घंटा. सर्वसाधारणपणे शंभरातल्या पाचच पिसवा मांजरावर असतात; उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात.

बाहेर न जाणाऱ्या ठमीला त्या लागल्या जिन्याखालच्या भटक्या मांजरीमुळे. ती पावसाळ्यापासून तिथे राहत होती, आणि ठमी दिवसभर जाळीच्या दाराला नाक लावून बसे. ठमीच्या अंगावर आम्हाला कधी पिसू दिसली नाही, कारण मांजर चाटून चाटून त्या गिळून टाकते. गिळलेल्या पिसूमधून टेपवर्म पोटात जातो, तो प्रकार निराळाच. पशुवैद्यांनी बारीक दातांची फणी तिच्या पाठीतून शेपटीकडे फिरवली आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवली. कणीभोवती तांबूस डाग पसरला. साधी धूळ असती तर पसरला नसता. ते रक्त होते.

धाकट्या दिरांचा पुण्याहून फोन आला, “वहिनी, आईचं वय बघा. मांजर कुठेतरी सोडून द्या.” सासूबाईंनी ऐकले. त्या म्हणाल्या, “प्लेगात माणसं घरं सोडून माळावर राहायला गेली होती, असं माझी आजी सांगायची. मांजराला कोणी काढलं नव्हतं.”

प्लेगचे नाव निघाले म्हणून सांगते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवले. ती जात वेगळी. मांजरावरची पिसू त्या कामात फारशी समर्थ नाही. मी सासूबाईंना हे समजावले, पण त्यांना भीती प्लेगची नव्हतीच.

दिरांना पशुवैद्यांचे म्हणणे कळवले, तेच पालकांनाही कळवते. मांजर काढले तर कोषांतून निघणाऱ्या उपाशी पिसवा माणसांवरच येणार. उलट औषध लावलेले मांजर घरभर फिरले, की नवी पिसू तिच्यावर उडी मारते आणि मरते. म्हणजे मांजर हाच पिंजरा! ठमीला वजनाप्रमाणे फिप्रोनिलचे, मांजरांसाठीचे थेंब मानेच्या मागे, जीभ पोहोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर लावले. पुढे दर महिन्याला एकदा.

एका दुकानदाराने “सगळ्या जनावरांना चालतं” म्हणून ह्यांच्या हाती एक पावडर दिली होती. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘फक्त कुत्र्यांसाठी’ आणि घटकांत पर्मेथ्रिन लिहिलेले होते. डबा परत केला. पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात, जीवही जातो. फिनाइलचेही तसेच. कुत्र्याला वा माणसाला सोसतात अशी पुष्कळ रसायने मांजराचे यकृत पचवू शकत नाही, आणि फरशीवरचे सगळे पंजे चाटताना पोटात जाते. त्या दिवसापासून आमची फरशी साबणाच्या पाण्याने पुसतात. कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचे तेल यांतले काहीही तिच्या अंगाला लावले नाही. कडुनिंबाचा पाला सासूबाईंनी गादीखाली ठेवला, तो राहू दिला.

खरे काम झाडूचे. माळ्यावरचा जुना व्हॅक्यूम क्लीनर काढला, रोज भेगा, पलंगाखालचे कोपरे, सोफ्याच्या खाचा साफ करून पिशवी घट्ट बांधून बाहेर. यंत्राच्या थरथराटाने कोष फुटतात, तेही बरेच. गोधड्या, अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात आणि मग गच्चीवरच्या उन्हात. दोन आठवडे झाले तरी पिसवा दिसत राहिल्या. औषध बाद आहे, असे ह्यांचे मत पडले. पण त्या जुन्या कोषांतल्या होत्या. थंडीत हे चक्र मंदावते, म्हणून फेब्रुवारी उजाडला.

जिन्याखाली त्या मांजरीला तीन पिल्ले झालेली होती, जेमतेम चार आठवड्यांची. इतक्या लहान पिल्लांना थेंब चालत नाहीत. फणीने विंचरायचे, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, आणि पिल्लू उबेत ठेवायचे. एकाच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. एवढ्याशा जिवाचे रक्त पिसवा पिऊन संपवतात, हे मी पुस्तकात वाचले होते, पाहिले तेव्हा पहिल्यांदा. ते वाचले नाही. दोघे वाचले आणि त्यांना घरे मिळाली. आईची नसबंदी करून घेतली.

सासूबाई अजून दर रविवारी चष्मा लावून ठमीला विंचरतात आणि कागद मला दाखवतात. मार्च २०२४ पासून तो कोराच आहे.

एक पिसू काचपट्टीवर लावून प्रयोगशाळेत ठेवली आहे. फणीही तिथेच आहे. पालकांना मधल्या सुटीत येऊन दोन्ही पाहता येतील.